पडदा काळा असताना

रविवारी सकाळी जेवणाच्या टेबलावर वर्तमानपत्र पसरलं आणि लॅपटॉप त्यावर पालथा ठेवला. सव्वादोन लाखांची वस्तू अशी पोट वर करून पडलेली बघवत नाही. तीन वर्षांत मी त्याला फक्त वरून पुसलं होतं, तेही चष्म्याच्या फडक्याने. मिक्सरचं कपलर झिजलं तर आपण स्वतः बदलतो, कुकरची रिंगही आपणच आणून घालतो. वस्तू महाग झाली की मात्र आपण तिचे मालक राहत नाही, राखणदार होतो.

दुखणं असं होतं. जुन्या मासिकांची पानं मी ६०० डीपीआयला स्कॅन करून साफ करतो. ए-फोर आकाराचं एक रंगीत पान उघडलं की ते मेमरीतली १०० एमबी जागा अडवतं. अशी वीसेक पानं एकदम घेतली की पंखे घोंघावायला लागायचे आणि पाच मिनिटांत यंत्र ढिम्म. मी आधी विंडोजवर संशय घेतला आणि ते नव्याने टाकण्यात एक शनिवार घालवला. मग सर्व्हिस सेंटर गाठलं. तिथल्या माणसाने झाकण न उघडताच ‘मदरबोर्ड बदलावा लागेल’ असं सांगून जो आकडा टाकला, त्यात साधे दोन लॅपटॉप आले असते.

घरी येऊन तापमान दाखवणारा एक फुकटचा प्रोग्राम टाकला. प्रोसेसर दोन मिनिटांत १०० अंशांना टेकत होता. एवढा तापला की तो स्वतःच आपला वेग उतरवतो, नाहीतर जळेल. महिनाभर मी ज्याला म्हातारपण समजत होतो, तो बिचारा जीव वाचवत होता.

उघडण्याआधी बायोसमध्ये जाऊन आतली बॅटरी बंद केली. अंगातली स्थिर वीज उतरवायला स्वयंपाकघरातल्या नळाला हात लावला. नळ पितळी, पण भिंतीतले पाइप प्लास्टिकचे, तेव्हा वीज उतरली की नाही देव जाणे. खालच्या झाकणाचे स्क्रू सैल होतात पण सुटे पडत नाहीत, झाकणातच अडकून राहतात. माझ्यासारख्यांचा कुणीतरी विचार केलेला दिसला.

पंखे तसे स्वच्छ होते. घाण त्यांच्या पुढे होती, जिथून गरम हवा बाहेर पडते त्या तांब्याच्या जाळीच्या तोंडाशी. धूळ तिथे दाबून दाबून घोंगडीच्या तुकड्यासारखी झाली होती. चिमट्याने धरून ओढली तर अख्खी पट्टी निघाली, बोटाएवढी. तिच्यात पांढरे-भुरे केस गुंतलेले. आमची मांजर जाऊन दोन वर्षं झाली. ती याच्या उबेला चिकटून झोपायची.

तांब्याच्या नळ्या धरून ठेवणाऱ्या स्क्रूंवर १, २, ३, ४ असे आकडे कोरलेले होते. त्याच क्रमाने थोडे थोडे सैल केले. खालची थर्मल पेस्ट सहाणेवर राहून गेलेल्या गंधासारखी वाळून तडकली होती. ती आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसली, नवी लावली, नळ्या परत बसवल्या.

इथे थांबायला हवं होतं. वडील दिवाळीआधी सायकलचं ओव्हरहॉलिंग घरीच करायचे. पुढचं चाक उघडायचं, छर्रे रॉकेलच्या ताटलीत टाकायचे, ग्रीस भरून चाक बसवायचं आणि गल्लीतून एक फेरी मारून यायचं. मगच मागच्या चाकाला हात. आम्हा पोरांना ती फेरी म्हणजे हौस वाटायची.

मी फेरी मारली नाही. तपकीर गल्लीतल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारातून स्क्रूड्रायव्हर आणताना हुरूप चढला होता, म्हणून दोन टीबीची एसएसडी आणि १६ जीबी मेमरीच्या दोन पट्ट्या आधीच मागवून ठेवल्या होत्या. झाकण उघडलंच आहे तर उरकून घेऊ! एसएसडी रिकाम्या खाचेत तिरकी सरकवून दाबली आणि स्क्रू लावला. मेमरीच्या पट्ट्या टक्‌ टक्‌ बसल्या. कंपनीकडून आलेल्या दोन पट्ट्या कीबोर्डच्या खाली असतात, त्यांच्या वाटेला गेलो नाही.

बटण दाबलं. दिवा लागला, पंखा फिरला, पडदा काळा.

मिनिटभर वाट पाहिली. बटण दहा सेकंद दाबून बंद केलं, पुन्हा लावलं. काळा. असं चारदा. नळ्या बसवताना प्रोसेसरला चीर गेली की काय? एसएसडी वाकडी बसली? मेमरी वेगळ्या जातीची आली? कुठलीतरी वायर ओढली गेली? तीन गोष्टी एकदम बदलल्या होत्या, त्यामुळे संशयाला कुठल्याही दारात उभं राहता येत होतं. पाचव्यांदा बटण दाबलं तेवढ्यात आतून आईची हाक आली, “अरे, वरण निवतंय.” टेबल मीच अडवलेलं, म्हणून स्वयंपाकघरात ओट्याशी उभ्यानेच जेवलो. जेवण कसलं, घास मोडत होतो.

परत आलो तर लॅपटॉप पासवर्ड मागत होता.

डीडीआर-५ जातीची नवी मेमरी बसवली की पहिल्यांदा सुरू होताना यंत्र तिची ओळख करून घेतं. कुठल्या पट्टीकडून संकेत किती क्षणांत येतो हे मोजून आपला ताल जुळवतं. तेवढा वेळ पडदा काळाच राहतो, आणि चार पट्ट्या असतील तर त्याला काही मिनिटं लागतात. मॅन्युअलमध्ये तशी एक ओळ होती, ती मी वाचलीही होती. त्याची मोजणी मध्यावर आली की मी तिचा गळा आवळत होतो, आणि तो दर वेळी बिचारा पहिल्यापासून सुरुवात करत होता.

आता वीस पानं उघडली तरी प्रोसेसर ८२ अंशांच्या वर जात नाही. मेमरी ३२ची ६४ जीबी झाली, पण चारही खाचा भरल्यामुळे तिचा वेग ४८०० वरून ४००० वर उतरलाय. दुकानदार हे सांगत नाहीत. मग फरक पडलाय तो मेमरीमुळे, की नुसती धूळ निघाल्यामुळे? सव्वादोन लाखांच्या मालकाला हे सांगता येत नाही. खात्री करायची तर नव्या पट्ट्या काढून आठवडाभर काम करून पाहायला हवं.

आईने टेबलावरचा कागद गोळा करताना धुळीची पट्टी उचलली आणि विचारलं, “हे टाकायचं ना?” तिला केस दिसले नव्हते. मी पट्टी तिच्या हातातून घेतली आणि मेमरीच्या रिकाम्या खोक्यात ठेवली.