टिपणारा डोळा

दिवाळी ओसरते, निफाडचा पारा किती खाली उतरला याच्या बातम्या वर्तमानपत्रांत येऊ लागतात, आणि त्याच सुमारास नाशिकच्या परसबागांत काही परदेशी पाखरे वस्तीला आलेली दिसतात. कुंपणावर बसून आपली तांबूस शेपटी सतत थरथरवणारा थिरथिरा, झुडपाच्या गाभ्यात दडून ‘चक् चक्’ असा आवाज तेवढा बाहेर पाठवणारा वेळू वटवट्या, नळाजवळच्या ओलीत तुरुतुरु धावणारा पांढरा धोबी. आणि एखाद्या वर्षी, भाग्य असेल तर, आंब्याच्या सावलीत क्षणभर दिसून नाहीसा होणारा तांबूस गळ्याचा माशीमार. घरातले कोणी तरी हलक्या आवाजात हाक मारते, कोणी कॅमेरा आणायला धावते. आता तर प्रत्येक खिशात कॅमेरा आहे. पाहुणा दिसल्याबरोबर त्याचे चित्र घ्यावे, ही इच्छा इतकी स्वाभाविक झाली आहे की तिच्याकडे थांबून पाहण्याची गरज आपल्याला वाटत नाही. मला ती गरज वाटते. त्या पाखराकडून आपल्याला नेमके काय हवे असते? आणि जे हवे असते ते घेण्याचा आपल्याला अधिकार असतो काय?

या प्रश्नाचा धागा आपल्या भाषेतच सापडतो. छायाचित्र घेण्याला आपण ‘टिपणे’ म्हणतो. पाखरू दाणे टिपते. आई लेकराचे डोळे पदराने टिपते. शिकारी नेम धरून सावज टिपतो. अभ्यासक ऐकलेले टिपून ठेवतो आणि त्याचे टिपण होते. एकाच क्रियापदात भूक, माया, हिंसा आणि ज्ञान असे चार भाव एकत्र नांदतात. कॅमेरा डोळ्याला लावणाऱ्या माणसाच्या मनातही हे चारही असू शकतात. त्या क्षणी त्यांतला कोणता वरचढ ठरतो, यावर त्या कृतीची नैतिक किंमत ठरते.

प्रथम ‘दुर्मिळ’ या शब्दाविषयी. अंगणात नेहमी येणाऱ्या साळुंकीकडे, बुलबुलाकडे आपण पाहत नाही आणि माशीमार आला की श्वास रोखून उभे राहतो. पण तो माशीमार जगात दुर्मिळ नाही. पूर्व युरोपपासून उरलपर्यंतच्या जंगलांत त्याचे घरटे असते आणि हिवाळ्यात तो मोठ्या संख्येने आपल्या देशात उतरतो. थिरथिरा हिमालयाच्या उंचीवर, तिबेटात आणि मध्य आशियात वीण घालतो. तिकडच्या माणसाला तो घरच्यासारखाच असणार. तेव्हा दुर्मिळता पुष्कळदा पाखरात नसते, ती आपल्या भेटीत असते. ज्या गोष्टीशी आपली गाठ क्वचित पडते ती आपल्या मालकीची व्हावी, असे मनाला वाटू लागते. ‘माझ्या बागेत आला’ या वाक्यातला आनंद निष्पाप आहे. परंतु त्यातला ‘माझ्या’ हा शब्द हळूहळू बागेवरून पाखरावर सरकतो, तेव्हा सावध झाले पाहिजे.

एके काळी पक्ष्याविषयी निश्चित विधान करायचे तर त्याला मारणे भागच असे. एकोणिसाव्या शतकातील पक्षिशास्त्र बंदुकीच्या आधाराने उभे राहिले. पक्षी मारायचा, कातडे भरायचे, पायाला चिठ्ठी बांधायची. ती चिठ्ठी हाच पुरावा. त्या काळातील माणसांवर आज न्यायाधीश होऊन बसण्यात अर्थ नाही. त्यांच्या कपाटांतूनच आपले ज्ञान आले. पण त्या पद्धतीतील नैतिक धोका किती खोल होता, हे आपल्या शेजारच्या खानदेशातील एका पक्ष्याच्या कथेवरून कळते. तो पक्षी हिवाळी पाहुणा नव्हे, सातपुड्याच्या पायथ्याचा रहिवासी आहे; तरीही पाहणारा आणि पाहिला जाणारा यांच्यातील नात्याचा प्रश्न त्याच्याइतका स्पष्टपणे दुसऱ्या कोणी विचारलेला नाही.

हा पक्षी म्हणजे रानपिंगळा. ए. ओ. ह्यूम यांनी १८७३ मध्ये त्याचे शास्त्रीय वर्णन केले. जेम्स डेव्हिडसन या सनदी अधिकाऱ्याने खानदेशात त्याचे काही नमुने मिळवले. त्यांतला शेवटचा १८८४ चा. त्यानंतर रानपिंगळा कोणाला दिसेना. पुढे रिचर्ड माइनर्टझागन या नामांकित इंग्रज लष्करी अधिकाऱ्याच्या संग्रहात एक नमुना होता आणि तो १९१४ साली गुजरातेतील मांडवी येथे मिळवला, असे त्याच्या चिठ्ठीवर लिहिलेले होते. चिठ्ठीवर कोण अविश्वास दाखवणार? पण पामेला रासमुसेन आणि त्यांचे सहकारी यांनी तो नमुना बारकाईने तपासला आणि सत्य बाहेर आले: तो डेव्हिडसननेच मिळवलेला जुना नमुना होता. ब्रिटिश संग्रहालयातून चोरून, पुन्हा भरून त्यावर खोटे स्थळ आणि खोटी तारीख चिकटवली होती. ती खोटी चिठ्ठी बाजूला सारल्यावर जुन्या, खऱ्या नोंदींच्या आधारे शोध सुरू झाला, आणि २५ नोव्हेंबर १९९७ रोजी त्या वेळच्या धुळे जिल्ह्यातील शहाद्याजवळ रासमुसेन, बेन किंग आणि डेव्हिड अॅबट यांना रानपिंगळा जिवंत दिसला. ११३ वर्षांनी! त्यांनी त्याची छायाचित्रे घेतली, चित्रफीत घेतली. कोणी त्याला मारले नाही. जगाला पटवायला ती चित्रे पुरेशी झाली.

या कथेत एकाला पक्षी ‘हवा’ होता; दुसऱ्यांना तो ‘आहे काय’ हे जाणून घ्यायचे होते. पहिल्याच्या हाती कातडे होते, तरी त्याने जगाच्या ज्ञानात भर घातली नाही. उलट वाट चुकवली. दुसऱ्यांच्या हाती केवळ चित्रे होती, पण ती साक्ष होती. छायाचित्राचे खरे मोल मला येथे दिसते. साक्षीदाराला खटल्यातील मालमत्ता मिळत नसते. त्याने पाहिले तेवढे आणि तसेच सांगायचे असते. परसबागेत चित्र घेणाऱ्यालाही हाच नियम लागू आहे. तांबूस गळ्याचा माशीमार आणि सायबेरियातून येणारा त्याचा भाऊबंद हे दोघे इतके सारखे दिसतात की नराच्या गळ्यावरील तांबूस रंग कुठपर्यंत उतरला आहे आणि शेपटीच्या वरची पिसे किती काळी आहेत, एवढ्यावर ओळख ठरते. मादीच्या बाबतीत तर आवाजाचाही आधार घ्यावा लागतो. चित्र अस्पष्ट असेल तर ‘ओळख निश्चित नाही’ असे लिहिण्यात कमीपणा नाही. अधिक दुर्मिळ नाव चिकटवण्याचा मोह आवरणे, हे लहानसे पण खरे सत्यव्रत आहे.

साक्षीदार प्रामाणिक असला तरी त्याने साक्ष कशी मिळवली हा प्रश्न राहतोच. वेळू वटवट्याचे वजन दहा-बारा ग्रॅम, म्हणजे दोन चमचे साखरेइतके. एवढ्या देहाने तो हजारो किलोमीटर ओलांडून येतो आणि एप्रिलच्या सुमारास परत निघतो. निघण्यापूर्वी त्याला अंगात चरबी साठवावी लागते; तीच त्याची शिदोरी. आपण त्याला झुडपातून बाहेर काढण्यासाठी फांदी हलवतो, टाळी वाजवतो, पाठलाग करतो. प्रत्येक वेळी त्या शिदोरीतला एक घास आपण खर्च करतो. अलीकडे भ्रमणध्वनीवर पक्ष्याचा ध्वनिमुद्रित आवाज वाजवून त्याला समोर आणण्याची रीत पडली आहे. पाखराला वाटते, आपल्या हद्दीत प्रतिस्पर्धी घुसला. ते बावरते, चरणे सोडून त्या नसलेल्या शत्रूला शोधत फिरते. मोटारीच्या आरशातील स्वतःच्याच प्रतिबिंबाशी झुंजणारा धोबी पुष्कळांनी पाहिला असेल आणि त्याला हसलेही असतील. आरशाला निदान हेतू नसतो. आपण आवाज वाजवतो तेव्हा पाहुण्याला जाणूनबुजून फसवतो, आणि त्याच्या भीतीचे चित्र घरी नेतो.

म्हणून मी स्वतःपुरती एक कसोटी मानतो: मी येथे नसतो तरी हे पाखरू आता जे करत आहे तेच करत असते काय? उत्तर होकारार्थी असेल, तर चित्र त्या पाखराचे आहे. नकारार्थी असेल, तर ते पाखराचे कमी आणि माझ्या हावेचे अधिक आहे. ही कसोटी अवघड आहे, कारण ती पुष्कळदा कॅमेरा खाली ठेवायला सांगते.

यापुढचा पेच अधिक बिकट आहे. समजा, खरोखरीच दुर्मिळ पक्षी एखाद्याच्या बागेत उतरला. बातमी पसरली की दुसऱ्या दिवशी पहाटे फाटकाशी वीस कॅमेरे उभे राहतात. मग ठिकाण सांगायचे की लपवायचे? सत्य सांगणे हे कर्तव्य, आणि पाहुण्याला सांभाळणे हेही कर्तव्य. संत ऑगस्टीन यांनी इसवी सन ४२० च्या सुमारास असत्याविरुद्ध लिहिलेल्या ग्रंथात या पेचाचा विचार केला आहे. खोटे बोलणे त्यांना कोणत्याही कारणासाठी मान्य नव्हते. पण मौनाने सत्य झाकणे आणि खोटे बोलणे यांत त्यांनी स्पष्ट भेद केला. तो भेद येथे उपयोगी पडतो. माइनर्टझागनने ठिकाण खोटे सांगितले. तो अपराध होता. ठिकाण न सांगणे ही वेगळी गोष्ट आहे. जगभरच्या पक्षिनोंदी एकत्र करणाऱ्या ‘ई-बर्ड’वरही काही संवेदनशील जातींची नेमकी स्थळे सर्वांपुढे उघड केली जात नाहीत.

तरीही मौनाचे समर्थन करताना मनाशी प्रामाणिक राहावे लागते. आपण गप्प राहतो ते पाखरासाठी, की ‘हा माझा’ म्हणून? कारण सांगण्याचेही मोठे मोल आहे. नांदूर मध्यमेश्वरचेच पाहा. गोदावरी आणि कादवा यांच्या संगमाजवळ ब्रिटिश काळात सिंचनासाठी बंधारा बांधला गेला. गाळ साचला, बेटे झाली, पाणवनस्पती वाढल्या आणि कोणी आमंत्रण न देता हिवाळी पाहुणे तेथे उतरू लागले. माणसांनी ते पाहिले, मोजले आणि सांगितले. १९८६ मध्ये ते अभयारण्य झाले. २०२० च्या जानेवारीत महाराष्ट्रातील पहिले रामसर स्थळ म्हणून ते जाहीर झाले. पाहणारे सगळेच गप्प बसले असते तर हे घडले नसते. फेब्रुवारीत चार दिवस चालणाऱ्या परसबागेतील पक्षिगणनेत हजारो लोक आपल्या अंगणातील साध्या पाखरांचीही नोंद करतात, तीही अशीच साक्ष. तेव्हा जो मोजणार आणि जपणार त्याला सांगावे, जो केवळ लुटणार त्याच्यापुढे मौन धरावे. हा विवेक प्रत्येक वेळी नव्याने करावा लागतो.

आतिथ्याची चर्चा करताना आणखी एका पाहुण्याला विसरून चालणार नाही. गुलाबी अंगाच्या, काळ्या डोक्याच्या भोरड्या मध्य आशियातून थव्याथव्यांनी येतात. संध्याकाळच्या आकाशात त्यांचे थवे वळतात तेव्हा शहरातला माणूस भान हरपून चित्रे घेतो. पण ज्वारी हुरड्यात आलेली असताना मचाणावर गोफण घेऊन बसलेल्या शेतकऱ्याला त्यांच्यात सौंदर्य दिसत नाही. त्याला आपले कणीस दिसते. नाशिककडे ‘बाग’ म्हटले की द्राक्षबाग डोळ्यांपुढे येते आणि तिच्यावर जाळे पसरणाऱ्याला आपण निष्ठुर म्हणू शकत नाही. याच भोरड्या टोळांचा फडशा पाडतात, हेही तितकेच खरे. आपल्या परसात पाहुण्यासाठी आपण काहीच गमावत नाही. म्हणून आपले पक्षिप्रेम स्वस्त असण्याचा संभव आहे. ज्याचे कणीस जाते आणि तरीही जो चार ओळी पाखरांसाठी सोडतो, त्याच्या आतिथ्यापुढे आपल्या उत्तम छायाचित्राने नम्र व्हावे.

मग अंगण असलेल्याने काय द्यावे? फार नाही. झाडाखालचा पालापाचोळा सगळा झाडून जाळू नये. त्यातल्या किड्यांवर हे पाहुणे जगतात. कीटकनाशकाची फवारणी टाळावी. कोपऱ्यातले एखादे झुडूप अस्ताव्यस्त वाढू द्यावे. उथळ भांड्यात पाणी ठेवावे, ते रोज बदलावे आणि मांजराला दबा धरता येणार नाही अशा ठिकाणी ठेवावे. एवढे केले आणि दूर बसून राहिले, तर बहुधा पाखरू आपणहून दिसते. डोंगरावरील प्रवचनात आकाशातील पाखरांकडे निरखून पाहण्यास सांगितले आहे, हे आपल्या परिचयाचे आहे. तेथे आज्ञा पाहण्याची आहे, पकडण्याची नाही. निरखून पाहणे म्हणजे समोरच्याला तो जसा आहे तसा असू देणे, आणि आपण तेवढा वेळ मुकाट राहणे.

मार्च सरला की एके सकाळी कुंपण रिकामे दिसते. थिरथिरा कधी निघाला हे कळतही नाही. संग्रहात त्याचे एखादे चित्र राहते. कधी स्पष्ट, कधी पानाआड अर्धे लपलेले. त्या चित्राखाली तारीख आणि ठिकाण खरे लिहावे, ओळखीची शंका असेल तर तीही लिहावी. आणि चित्र मिळालेच नसेल, तर पुढच्या कार्तिकात कुंपणाजवळचे झुडूप छाटायचे नाही, एवढे लक्षात ठेवावे.