पुढे काय झालं?

सकाळी कॉलनीच्या ग्रुपवर फोटो येतो. चौकात पाइप फुटलाय, पाणी वाहतंय. फोटो काढणाऱ्याला त्याचा पगार नसतो. आपल्या गल्लीची काळजी असते, म्हणून तो थांबतो, फोटो काढतो, सगळ्यांना कळवतो. हीसुद्धा पत्रकारिताच आहे. दोन दिवसांनी पालिकेची माणसं येऊन पाइप बदलतात. ते मात्र ग्रुपवर कुणी टाकत नाही. ‘तातडीने रक्त हवे आहे’ हा निरोपही असाच फिरत राहतो. रुग्ण बरा होऊन घरी जातो, तरी त्याच्या नातेवाइकांचा फोन वाजतच असतो.

छत्तीसगडमध्ये 2010 साली ‘सीजीनेट स्वर’ हे फोनवरचं व्यासपीठ सुरू झालं. बीबीसीत काम केलेले पत्रकार शुभ्रांशु चौधरी यांनी ते उभं केलं. आदिवासी पाड्यांवरच्या लोकांनी साधा फोन लावायचा आणि आपली अडचण आपल्या आवाजात सांगायची. हिंदीत सांगा, नाहीतर गोंडीत. आपल्या गडचिरोलीतही बोलतात ती गोंडी. हातपंप बंद आहे, रोजगार हमीची मजुरी थकली आहे, असं लोक सांगतात. संबंधित अधिकाऱ्याचा फोन नंबरही देतात. निरोप आधी तपासला जातो, मग तो सगळ्यांना फोनवर ऐकता येतो. ऐकणारे दूरदूरच्या गावांतून त्या अधिकाऱ्याला फोन करतात. काम झालं की अनेकदा तक्रार करणारा पुन्हा फोन लावतो. हातपंप सुरू झाला, असं सांगतो आणि मदत करणाऱ्यांचे आभार मानतो.

हा दुसरा फोन मला फार मोलाचा वाटतो. नुसत्या तक्रारीच कानावर पडत राहिल्या, की इथे काही सुधारतच नाही असं वाटू लागतं. मग माणूस तक्रार करणंही सोडून देतो. काम झाल्याचं कळलं, तर शेजाऱ्याला धीर येतो. कुठे अर्ज द्यायचा, कुणाला भेटायचं, हेही त्याला समजतं. भर दुपारी खड्ड्यात उतरून पाइप जोडणाऱ्या माणसाच्या कष्टांची नोंद होते. जुना निरोप तिथेच थांबतो आणि कुणाची उगाच धावपळ होत नाही. आणि काम झालं नसेल, तर तेही सांगावं. ‘अजून झालं नाही, काल पुन्हा अर्ज दिला,’ एवढं कळलं तरी चार जण सोबत यायला तयार होतात.

आज कामाला निघण्यापूर्वी आपणच पूर्वी पाठवलेला एखादा निरोप काढून पाहू या. बंद पडलेला दिवा असेल, हरवलेले आजोबा असतील, कुणाला हवं असलेलं रक्त असेल. एक फोन करून विचारू या, पुढे काय झालं? जे कळेल ते तारीख आणि ठिकाण घालून त्याच ग्रुपवर लिहू या. ज्यांनी काम केलं त्यांचा उल्लेख करू या. याला फार वेळ लागत नाही. पण आपल्या वस्तीत काय बिघडलं याच्याबरोबर काय नीट झालं हेही सगळ्यांना कळतं, आणि पुढच्या वेळी कुणी हाक दिली तर लोक विश्वासाने धावून येतात.