न पाहिलेला शेजारी

“मंगळावर कोणी राहतच नाही, तर तिकडे जाणारी गाडी एवढी धुऊनपुसून का पाठवायची?” संडे स्कूलमधील एका मुलाने आम्हांला विचारले. आम्ही काहीतरी सांगून वेळ मारून नेली. पण प्रश्न मनातून गेला नाही.

मंगळाची भूमी जगण्यास फार कठीण. हवा पृथ्वीच्या शंभराव्या हिश्शाहूनही विरळ, तीही बहुतेक कार्बन डायऑक्साइडची. रात्री पारा शून्याखाली सत्तर-ऐंशी अंश उतरतो. सूर्याचे घातक किरण अडविणारे ओझोनचे छत्र नाही. उघड्यावर आपला जंतू तेथे तग धरणे अवघडच. परंतु जमिनीखाली, भेगांत, खारट ओलाव्यात काय आहे हे कोणी पाहिले आहे? म्हणूनच १९६७ च्या अंतराळ कराराने राष्ट्रांवर बंधन घातले की, परक्या ग्रहगोलांना अपायकारक रीतीने दूषित करू नये. १९७६ साली उतरलेली दोन्ही व्हायकिंग याने त्याआधी ११० अंशांहून अधिक उष्णतेत तासन्‌तास भाजून काढली होती. २०१२ साली गेल विवरात उतरलेल्या क्युरिऑसिटी रोव्हरला एवढी कडक शिस्त नव्हती. तरी तिच्या उघड्या भागांवर ३ लाखांहून अधिक बीजाणू नसावेत, असा नियम होता.

या गाडीच्या ड्रिलची टोके निर्जंतुक करून पेटीत बंद ठेवायची आणि पेटी मंगळावरच उघडायची, असे ठरले होते. पण उतरताना धक्का बसला आणि यंत्राला टोक उचलताच आले नाही तर? या भीतीने उड्डाणापूर्वीच पेटी उघडून एक टोक बसविले गेले. जागा स्वच्छ होती, हेतूही वाईट नव्हता. मात्र ग्रहसंरक्षणाचे काम पाहणाऱ्यांना हे फार उशिरा कळविले गेले. अखेर गाडीचाच दर्जा बदलला: जवळ बर्फ वा पाणी असेल तेथे तिने जाऊ नये.

आम्हांला ही हकीकत ओळखीची वाटते. वचन मोडावे असे कोणाच्याच मनात नसते. अडचण खरी असते, वेळ थोडा असतो, आणि ज्याचे नुकसान व्हायचे तो तक्रार करायला समोर नसतो.

काही शास्त्रज्ञ म्हणतात की हा सोवळेपणा अति झाला. आपले जंतू तेथे केव्हाच पोहोचले असतील. असतीलही. पण अंगणात एकदा चिखल आला म्हणून रोजच पाय न धुता यावे काय?

आणि मंगळावर ऐन वेळी सावरताही येत नाही. पृथ्वीवरून निघालेला संदेश पोहोचायला ३ ते २२ मिनिटे लागतात. म्हणून दिवसभराच्या आज्ञा आधीच लिहून पाठवितात. कोठे जायचे नाही हेही आधीच ठरवावे लागते. २०१६ साली क्युरिऑसिटी चढत असलेल्या शार्प पर्वताच्या उतारावरील काळसर रेषांची चर्चा झाली. तेथे ओल असेल अशी शंका होती, म्हणून त्यांची चित्रे दुरूनच घ्यावीत असा बेत झाला. पुढच्याच वर्षी मंगळावरील अशा रेषांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्या बहुधा कोरड्या वाळूच्या घसरणीच्या असाव्यात, असे त्यात निघाले. दूर राहायचे ठरविले, तेव्हा हे कोणालाच ठाऊक नव्हते.