फॉर्म भरलास का?

मुलुंड (पूर्व)

चि. सोन्या,


पोचल्याचा फोन आला, खोलीचे फोटो आले, मॅचचा व्हिडिओ तर ताई येईल-जाईल त्याला दाखवतेय. चिखलात घसरत जाऊन तू तो बॉल काढलास तेव्हा तुझे काका खुर्चीतून उठलेच. सगळं आलं, फक्त मी विचारलं होतं त्याचं उत्तर तेवढं आलं नाही. टीवायच्या परीक्षेचा फॉर्म भरलास का?

रागावू नकोस राजा. कोलकात्याच्या फुटबॉल लीगमध्ये खेळायला मिळणं केवढी गोष्ट आहे, हे मला कळतं. खेळ, अगदी जीव तोडून खेळ. राहुल भेकेचं तुला तोंडपाठच आहे. १७ मार्च २०१९, आपल्या अंधेरीच्या क्रीडासंकुलात आयएसएलची फायनल, समोर गोवा. जादा वेळही संपत आलेली, आणि ११७ व्या मिनिटाला कॉर्नरवर मुंबईच्याच या पोराने हेडर मारून बंगळुरूला जिंकून दिलं. त्यानंतर कित्येक दिवस तू जिन्यातल्या ट्यूबलाइटला उडी मारून डोकं लावायला बघायचास आणि वॉचमन खालून ओरडायचा. पण हेही लक्षात ठेव, देशाकडून पहिला सामना त्याला त्याच वर्षी जूनमध्ये मिळाला, तोवर तो २८ वर्षांचा झाला होता. तू अजून विशीत आहेस, एखाद्या मॅचला बाकावर बसवलं म्हणून रात्रभर जागू नकोस.

माझा जीव अडकलाय तो खेळ संपल्यावरच्या वर्षांत. बचावपटू पस्तिशीपर्यंत टिकला तरी पुष्कळ झालं. त्यानंतर माणसाला आणखी तेवढंच आयुष्य काढायचं असतं, तेव्हा तू काय करणार?

आमच्या बँकेत खेळाडू कोट्यातून लागलेले एक जण माझ्या शेजारच्याच काउंटरला बसायचे. टेबलाखाली किटबॅग, ड्रॉवरमध्ये पावतीपुस्तकांच्या शेजारी क्रेप बँडेज. दुपारी सुटले की थेट मैदानावर. तेव्हा मुंबईचा फुटबॉल बराचसा नोकऱ्यांच्याच जिवावर चालायचा. रेल्वे, बँका, एअर इंडिया, ओएनजीसी, आरसीएफ, सगळ्यांच्या टीम होत्या. माझ्या त्या सहकाऱ्यांचा गुडघा गेला तेव्हा तिशीही उलटली नव्हती. बरेच महिने ते कुणाशी धड बोलत नसत, जेवणाच्या सुट्टीतही जागेवरच बसायचे. मग हळूहळू त्याच ड्रॉवरमध्ये बँकेच्या परीक्षांची पुस्तकं दिसायला लागली. ब्रँच मॅनेजर होऊन निवृत्त झाले, आणि रविवारी पोरांच्या मॅचला शिट्टी घेऊन उभे राहायचे ते शेवटपर्यंत. खेळ गेला पण महिन्याच्या महिन्याला पगार येत होता, म्हणून त्यांना सावरायला वेळ मिळाला. तुझ्याकडे एका सीझनचा करार आहे. त्याची झेरॉक्स ताईकडे पाठवलीस ना?

आणि क्लब तरी कायमचे कुठे असतात? महिंद्रा युनायटेडने २००५-०६ मध्ये राष्ट्रीय लीग जिंकली, आणि २०१० मध्ये संघच बंद झाला. लीग जिंकणारी टीम! २०२५ चं तर तू स्वतः पाहिलंस. आयएसएलचा हक्कांचा करार अडला, लीग लांबली, काही क्लबांनी पगार थांबवले. त्यात खेळाडूंची काय चूक होती? म्हणून सांगते, पगारातला तिसरा हिस्सा तरी बाजूला टाक. नवे बूट घे, त्यात कंजुषी नको. महागडा फोन मात्र नको.

खालिद जमीलचं बघ. एअर इंडिया, महिंद्रा, मुंबई एफसी असं खेळले, दुखापतींनी हैराण झाले. २००९ मध्ये, बत्तिसाव्या वर्षी, मुंबई एफसीचेच कोच झाले. २०१७ मध्ये ऐझॉलसारख्या छोट्या क्लबला आय-लीग जिंकून दिली, आणि २०२५ च्या ऑगस्टमध्ये भारताचे कोच झाले. त्यासाठी एकेक लायसन्स काढावं लागतं बाळा, नुसतं खेळलो म्हणून कुणी कोच करत नाही. सीझन संपला की डी लायसन्सच्या कोर्सचं बघ. आणि आपल्या राज्यात सरकारी नोकरीत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे, पण चांगल्या जागांना पदवी मागतात, आणि खेळाची प्रमाणपत्रं क्रीडा खात्याकडून पडताळून घ्यावी लागतात. तुझी शाळेपासूनची प्रमाणपत्रं मी ताईकडून आणून फाइलला लावली आहेत. दोनांवर पाण्याचे डाग पडलेत, त्यांच्या दुसऱ्या प्रती मागवायच्या आहेत.

तुझ्या गुडघ्याचं खरं काय ते मला सांग. ताईला नको सांगूस हवं तर. सूज असेल तर एमआरआय काढ, आणि इंजेक्शन घेऊन खेळ असं कुणी म्हणालं, मग ते कितीही मोठे असोत, तर आधी मला फोन कर. एक मॅच सोडल्याने कुणाचं करिअर बुडत नाही, फाटलेल्या लिगामेंटवर खेळल्याने बुडतं.

इकडे सगळं ठीक. आजीचं मोतीबिंदूचं ऑपरेशन नीट झालं, आता तुझे व्हिडिओ फोन डोळ्यांशी न धरता बघते. सोसायटीचं रीडेव्हलपमेंट अजून मीटिंगांमध्येच आहे. खाली पोरं खेळतात, बॉल माझ्या कुंड्यांवर येतो, आणि मी तुझ्या नावाने त्यांना ओरडत नाही.

परीक्षेच्या दिवशी मॅच आली तर काय, हे तुझं कारण मला माहीत आहे. वेळापत्रक लागलं की तुझ्या मॅनेजरना आधीच दाखव, आणि तरीही एखादा पेपर हुकलाच तर पुढच्या वेळी देता येतो. पण फॉर्मच नाही भरला तर काहीच देता येत नाही. फी मी भरते. ऑनलाइन भरायला तुझा लॉगिन आणि सहीचा फोटो लागेल, ते आज रात्री प्रॅक्टिसनंतर पाठव. सही पांढऱ्या कागदावर कर, गेल्या वेळी रेघांच्या वहीवरची त्यांनी परत पाठवली होती.

तुझी,
मावशी