नकलेची पुण्याई

नोव्हेंबर 2016मध्ये निन्टेंडोनं आपलं 1980च्या दशकातलं यंत्र तळहाताएवढं करून पुन्हा विकायला काढलं. आत 30 जुने खेळ भरलेले होते. अमेरिकेत त्यावर उड्या पडल्या. ती यादी हैदराबादच्या तारनाक्यात वाढलेल्या चाळिशीतल्या कुणाही माणसापुढे ठेवून बघा. मारिओ दिसला की तो खूश होईल, पॅकमॅनला ओळख देईल, झेल्डापाशी त्याचा चेहरा कोरा राहील, आणि मग तो विचारेल, ‘पण काँट्रा कुठाय?’ काँट्रा नाहीच त्यात. त्याचा पुढचा भाग आहे, पण ज्यानं आपल्याकडच्या मुलांच्या उन्हाळ्याच्या सुट्ट्या खाल्ल्या तो मूळ खेळ नाही. मूळ कंपनीनं मोठ्या प्रेमानं बांधून दिलेली ही आठवणींची पुरचुंडी दुसऱ्याच कुणाच्या तरी लहानपणाची आहे.

रेट्रो गेम्सचा जो इतिहास सगळीकडे वाचायला मिळतो, तोही असाच दुसऱ्याचा. 1972मध्ये अटारीचा ‘पाँग’ आला, 1978मध्ये जपानच्या तैतो कंपनीचा ‘स्पेस इन्व्हेडर्स’, 1980मध्ये ‘पॅकमॅन’. मग 1983मध्ये अमेरिकेचा बाजार कोसळला, अटारीनं न खपलेली कार्ट्रिजं न्यू मेक्सिकोतल्या अलामोगोर्डोच्या कचरा डेपोत पुरली (2014मध्ये ती उकरून काढली, त्यावर माहितीपटही झाला), आणि 1985पासून निन्टेंडोनं तो बाजार पुन्हा उभा केला. गोष्ट छान आहे. पण 1983मध्ये आपल्याकडे कोसळायला बाजार होताच कुठे? रंगीत दूरदर्शन येऊन जेमतेम वर्ष झालं होतं. तारनाक्याहून हबसीगुडा, नाचारम करत पुढे गेलं की ईसीआयएल लागतं. तिथे बनलेले ‘ईसी’ टीव्ही आमच्या भागात घरोघर होते. त्या टीव्हीला खेळाचं यंत्र जोडायचं हे 1990च्या दशकापर्यंत कुणाच्या डोक्यात नव्हतं, आणि आलं तेव्हा ते यंत्र निन्टेंडोचं नव्हतं.

तारनाका म्हणजे एका बाजूला उस्मानिया विद्यापीठ, दुसऱ्या बाजूला एनजीआरआय, सीसीएमबी, आयआयसीटीसारख्या प्रयोगशाळा, आणि लालागुड्याकडे रेल्वेची वस्ती. नोकरीनिमित्त आलेली मराठी कुटुंबं या तिन्ही ठिकाणी होती. मुलं घरात मराठी, शाळेत इंग्रजी, किराणा दुकानात तेलुगू आणि गल्लीत दखनी बोलत. व्हिडिओ गेमच्या दुकानात मात्र फक्त दखनी. रुपयाला एक टोकन, अंधारी खोली, सिगारेटचा वास, आणि मागे उभं राहून ‘अरे, उधर नक्को जा रे’ म्हणून फुकट सल्ला देणारे पाच जण. स्ट्रीट फायटर होता, किंग ऑफ फायटर्स होता. पण राजा एकच, ‘मुस्तफा’.

कॅपकॉम कंपनीनं 1993मध्ये काढलेल्या या खेळाचं खरं नाव ‘कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स’. मार्क शुल्ट्झ या चित्रकाराच्या कॉमिकवर तो बेतलेला होता, आणि त्याचा अधिकृत नायक जॅक टेनरेक नावाचा गोरा मेकॅनिक होता. आपल्याकडच्या मुलांनी जॅकला बाजूला सारून मुस्तफा कैरो या दुसऱ्या पात्राला नायक केलं आणि खेळही त्याच्याच नावावर करून टाकला. हे फक्त हैदराबादेत झालं असं नाही, भारतभर झालं. पण ज्या शहरात मुस्तफा हे शेजारच्याचं नाव असू शकतं, तिथे त्यात नवल वाटण्यासारखं काही नव्हतंच.

घरातल्या यंत्राची कथा याहून मजेशीर आहे. निन्टेंडोचा फॅमिकॉम जपानमध्ये 1983मध्ये आला. त्यातल्या चिपा तैवानच्या कंपन्यांनी हुबेहूब उतरवल्या आणि त्यांच्यावर चालणारी यंत्रं रशियात ‘डेंडी’ नावानं, आपल्याकडे ‘लिटल मास्टर’सारख्या नावांनी घरोघर गेली. सोबत ‘9999 इन 1’ असं छापलेलं पिवळं कार्ट्रिज. त्यात खरे खेळ असायचे दहा-वीस. उरलेले म्हणजे तोच खेळ दुसऱ्या नावानं, तिसऱ्या पातळीपासून सुरू होणारा. सगळ्यांना हे माहीत होतं, तरी 4000वा खेळ एकदा उघडून बघितल्याशिवाय कुणाला चैन पडत नसे.

एक गोष्ट मात्र तेव्हा कुणालाच ठाऊक नव्हती. जपान आणि अमेरिकेतला टीव्ही सेकंदाला 60 चित्रं दाखवायचा, आपला पाल पद्धतीचा टीव्ही 50. खेळ लिहिलेले 60च्या हिशेबानं. पाल देशांसाठी बनवलेल्या त्या नकली चिपांवर ते चालत, पण सहाव्या हिश्शानं सावकाश. म्हणजे आपला मारिओ अमेरिकन मारिओपेक्षा हळू धावत होता आणि त्याची धूनही जरा रेंगाळत होती. आज इंटरनेटवर ‘अस्सल’ मारिओ ऐकला की मला तो घाईत असल्यासारखा वाटतो. यातला खरा कुठला? माझ्यापुरतं उत्तर सोपं आहे, आणि ते निन्टेंडोला आवडणार नाही.

या खेळांच्या ओढीला नुसता गतकाळाचा उमाळा म्हणून मोडीत काढणारे पुष्कळ आहेत. मला ते पटत नाही. आज दहा-बारा वर्षांची पोरंही, ज्यांना काही आठवण्याचं कारण नाही, मारिओला चिकटून बसतात. कारण त्या खेळांच्या बांधणीत आहे. ‘सुपर मारिओ ब्रदर्स’ अख्खा 40 किलोबाइटमध्ये बसतो. तुम्ही वाचताय तो लेख युनिकोड देवनागरीत सुमारे 20 किलोबाइटचा भरेल. म्हणजे असे दोन लेख लिहिले की मारिओची जागा संपली. एवढ्या जागेत 32 पातळ्या, संगीत, शत्रू, सगळं. म्हणून आकाशातला ढग आणि जमिनीवरचं झुडूप एकाच चित्राचे, फक्त रंग वेगळा. मारिओला मिशी आणि टोपी आहे, कारण इतक्या कमी ठिपक्यांत तोंड आणि केस दाखवता येत नव्हते. ‘स्पेस इन्व्हेडर्स’मध्ये शत्रू मरत जातात तसे उरलेले वेगानं चाल करून येतात. ती भीती तोमोहिरो निशिकादोनं आधी कागदावर आखली नव्हती. प्रोसेसरला कमी आकृत्या काढाव्या लागल्या की तो त्या भरभर काढत होता, आणि निशिकादोनं ते तसंच ठेवलं.

माझा सर्वांत आवडता दाखला जॉर्डन मेक्नरच्या ‘प्रिन्स ऑफ पर्शिया’चा. हा 1989चा खेळ आपल्यापैकी अनेकांनी शाळेच्या संगणक कक्षात सरांची पाठ वळल्यावर खेळलाय. ॲपल 2 यंत्राची मेमरी संपली होती आणि खेळात शत्रू हवा होता. नवीन आकृती काढायला जागाच नाही. तेव्हा मेक्नरनं राजपुत्राचीच चित्रं घेतली, ती एका बिटनं सरकवून स्वतःवरच उलटवली, आणि राजपुत्राची चमचमती सावली तयार झाली. आरशातून उडी मारून बाहेर पडते तीच. नायकाचा वैरी त्याच्याच देहातून निघाला, आणि कारण काय, तर जागा नव्हती. आज शंभर गिगाबाइटच्या खेळातही इतकी नेमकी कल्पना क्वचित सापडते. तंगीतून येणारी अशी काटेकोर रचना वय बघत नाही, म्हणून ती दहा वर्षांच्या पोराला आजही धरून ठेवते.

पण हे खेळ आज आपल्याला खेळता येतात कुणाच्या कृपेनं? कंपन्यांच्या नव्हे. व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशन या संस्थेनं 2023मध्ये एक पाहणी प्रसिद्ध केली. 2010पूर्वी अमेरिकेत निघालेल्या खेळांपैकी 87 टक्के आज विकत मिळतच नाहीत. मुस्तफाचं तर विचारूच नका. कॉमिकचे हक्क एकाकडे, खेळाचे दुसऱ्याकडे, आणि आर्केडमधला तो खेळ कॅपकॉमनं घरगुती यंत्रासाठी कधी काढलाच नाही. तो वाचला तो ‘मेम’ नावाच्या प्रोग्राममुळे. इटलीच्या निकोला साल्मोरियानं फेब्रुवारी 1997मध्ये त्याची पहिली आवृत्ती खुली केली. आर्केडच्या बोर्डाचं वागणं साध्या संगणकावर जसंच्या तसं उभं करायचं, एवढंच त्याचं काम. पुढे सिकंदराबादच्या चिनॉय ट्रेड सेंटरमधून संगणक घेतला की दुकानदार हौसेनं ‘मुस्तफा डाल दूं क्या?’ असं विचारू लागला, तो या खटाटोपाचा शेवटचा दुवा.

याला चोरी म्हणतात, मला माहीत आहे. आज हैदराबादेत पोटासाठी खेळ बनवणारी शेकडो मुलं आहेत, त्यांचा नवा खेळ कुणी फुकट उतरवला तर तो त्यांच्या ताटातला घास आहे, यात दुमत नाही. माझा मुद्दा फक्त विक्रीतून उठलेल्या खेळांचा. न जपलेल्या गोष्टींचं काय होतं, ते आपल्या सिनेमात बघा. ‘आलम आरा’ 1931चा. आज त्याची एकही प्रत उरलेली नाही. ‘राजा हरिश्चंद्र’ची काही रिळंच हाती लागली. पी. के. नायर यांनी पुण्याच्या फिल्म संग्रहालयात जन्मभर डबे जमवले नसते तर आणखी किती गेलं असतं कोण जाणे. तो संग्रह 1964मध्ये सुरू झाला, म्हणजे आलम आरानंतर 33 वर्षांनी. पुस्तकांसाठी आपल्याकडे 1954चा कायदा आहे. प्रकाशकानं ठरावीक ग्रंथालयांना प्रत द्यायचीच. खेळासाठी असं काही नाही, आणि असतं तरी मुस्तफाचा बोर्ड जमा करायला कोण गेलं असतं? पार्लरवाला?

नकलेनं सगळंच वाचतं असंही नाही. ‘डक हंट’ची बंदूक घ्या. घोडा ओढला की पडदा क्षणभर काळा होतो, बदकाच्या जागी पांढरा चौकोन उमटतो, आणि नळीतला प्रकाशसंवेदक तो दिसला का ते बघतो. जुन्या पिक्चर ट्यूबवर हे त्याच क्षणी घडायचं. आजचा सपाट टीव्ही चित्र दाखवण्याआधी किंचित थांबतो, आणि तेवढ्यात बंदुकीनं पाहून झालेलं असतं. फाइल शाबूत आहे, बदक उडतंय, नेम बरोबर आहे, तरी बदक पडत नाही. त्यासाठी ईसी टीव्हीच हवा.

ऑक्टोबर 2024मध्ये अमेरिकेच्या कॉपीराइट कार्यालयापुढे अशी मागणी होती की ग्रंथालयांना जपलेले जुने खेळ अभ्यासकांना दुरून, त्यांच्या संगणकावर उघडून देता यावेत. मागणी फेटाळली गेली. खेळ-उद्योगाचा आक्षेप असा की अभ्यासाच्या नावाखाली लोक ते मजेसाठी खेळत बसतील. खेळ मजेसाठी खेळू नये म्हणजे मग त्याचं नक्की काय करावं, हे कुणीतरी मला समजावून सांगावं.