एक सही, अनेक खाती

स्क्रीनवर यादी उघडी असू द्या. दोनशे पत्ते आहेत, प्रत्येकापुढे एक रक्कम. कोणी तुमच्या प्रकल्पाचं भाषांतर केलं, कोणी चाचण्या घेतल्या, कोणी रात्री जागून कोडमधले दोष शोधले. त्यांचा मोबदला टोकनमध्ये द्यायचा आहे. स्क्रिप्ट तयार आहे, वॉलेट सहीसाठी थांबलं आहे. आता बोट बटणावरून बाजूला घ्या. या एका व्यवहाराकडे आपण सावकाश बघू. डोळे मिटायचे नाहीत, इथे ते उघडेच हवेत.

पहिल्यांदा हे मनात येऊ द्या की टोकन कुठूनही कुठे जात नाही. इथेरियमवरच्या टोकनांचं ईआरसी-२० हे मानक फाबियान फोगेलस्टेलर आणि विटालिक ब्युटेरिन यांनी २०१५ मध्ये मांडलं. त्यात टोकन म्हणजे कॉन्ट्रॅक्टमधल्या नोंदी, पत्ता आणि त्यापुढची शिल्लक. पाठवणं म्हणजे एक आकडा कमी करणं आणि दुसरा वाढवणं, एवढंच. दोनशे जणांना पाठवायचं तर तुमची एक नोंद बदलते आणि त्यांच्या दोनशे. बदललेली नोंद मागे घ्यायला कोणतीही बँक नाही, कोणतंही तक्रार कार्यालय नाही.

आता गॅसकडे लक्ष न्या. इथेरियमवर प्रत्येक व्यवहाराचा मूळ खर्च २१,००० गॅस. दोनशे वेगवेगळे व्यवहार केले तर नुसता हाच खर्च ४२ लाख होतो. एकाच व्यवहारात वाटप करणाऱ्या कॉन्ट्रॅक्टने लूप फिरवला तर तो एकदाच लागतो. बॅचचा फायदा इथे आहे. पण ज्या व्यक्तीकडे हे टोकन आजवर कधीच नव्हतं, तिच्या पत्त्यापुढे शून्याच्या जागी पहिला आकडा लिहायला २० हजारांहून जास्त गॅस जातो, आणि तो कुठल्याही युक्तीने टळत नाही. जिच्याकडे आधीच काही शिल्लक आहे, तिची नोंद बदलायला सुमारे पाच हजार पुरतात. म्हणजे कोडमध्ये सगळे एका ॲरेत एकसारखे दिसत असले, तरी ब्लॉकचेनची साखळी प्रत्येकाचा हिशेब वेगळा ठेवते. नव्या माणसाची किंमत तिला कळते. आपल्यालाही कळावी.

एक श्वास घ्या आणि पुढचं पाहा. साध्या लूपमध्ये एक जरी पाठवणी फसली, तरी सगळा व्यवहार रिव्हर्ट होतो. पंगतीतल्या एका पानावर वाढता आलं नाही म्हणून सगळीच पानं उचलावीत, तसं. यूएसडीसीसारख्या टोकनात जारी करणारी कंपनी एखादा पत्ता गोठवू शकते. तसा एक पत्ता यादीत असला की बाकीच्या १९९ जणांचंही अडतं, आणि गॅस मात्र खर्च होतो. तरीही ‘सगळे किंवा कोणीच नाही’ हा नियम मला योग्य वाटतो. अर्धवट गेलेल्या यादीत कोणाला मिळालं आणि कोणाला नाही हे शोधताना माणूस दुसऱ्यांदा पैसे पाठवून बसतो. यादी हजारोंची असेल तर एका ब्लॉकच्या गॅसमर्यादेमुळे तुकडे करावेच लागतात. तेव्हा कोणता तुकडा गेला याची नोंद स्क्रिप्टने स्वतःच, लगेच ठेवावी.

आता जिथे सगळ्यात जास्त वेळ थांबायचं आहे तिथे येऊ. २२ एप्रिल २०१८. ब्युटीचेनच्या बीईसी या टोकनच्या कॉन्ट्रॅक्टमध्ये बॅचट्रान्सफर नावाचं फंक्शन होतं. एका वेळी जास्तीत जास्त वीस जणांना, प्रत्येकाला सारखीच रक्कम. ते ओळीओळीने मनात वाचा. आधी पत्ते मोजायचे. मग पत्त्यांची संख्या गुणिले रक्कम, ही एकूण बेरीज. पाठवणाऱ्याची शिल्लक तेवढी आहे का, हे तपासायचं. शिल्लक वजा करायची, आणि एकेकाच्या नोंदीत रक्कम मिळवायची. वजाबाकी सुरक्षित पद्धतीने लिहिलेली होती, मिळवणीही. मधला गुणाकार तेवढा साध्या चिन्हाने केलेला होता.

त्या दिवशी एका हल्लेखोराने पत्ते दिले फक्त दोन. रक्कम दिली २ चा २५५ वा घात, म्हणजे ७७ अंकी संख्या. तिची दुप्पट २५६ बिटांत मावत नाही, आणि उरतं बरोबर शून्य. ‘शिल्लक शून्याएवढी तरी आहे का?’ या प्रश्नाचं उत्तर नेहमीच ‘हो’ असतं. पाठवणाऱ्याच्या खात्यातून शून्य वजा झालं आणि दोन्ही पत्त्यांवर ती ७७ अंकी रक्कम जमा झाली. टोकनची किंमत कोसळली, एक्स्चेंजवर बीईसीची खरेदी-विक्री थांबवावी लागली. ज्यांनी पैसे घालून ते टोकन घेतलं होतं, त्यांचा या ओळीशी काहीही संबंध नव्हता, आणि नुकसान त्यांचं झालं.

त्या एका ओळीजवळ थोडं बसा. लिहिणारा निष्काळजी होता असं म्हणवत नाही, आजूबाजूच्या ओळी त्याची काळजी दाखवतात. कॉन्ट्रॅक्ट ज्या सॉलिडिटी भाषेत लिहितात, तिच्या डिसेंबर २०२० मध्ये आलेल्या ०.८ आवृत्तीपासून असा ओव्हरफ्लो भाषा स्वतःच अडवते. पण भाषेला न दिसणाऱ्या चुका आजही आहेत. बहुतेक टोकनांत १८ दशांश स्थानं असतात, यूएसडीसीत ६. सहाऐवजी अठरा धरली तर रक्कम अफाट फुगते, शिल्लक पुरत नाही आणि व्यवहार अडतो. अठराऐवजी सहा धरली तर सगळं सुरळीत पार पडतं, आणि दोनशे माणसांना हक्काच्या रकमेचा एक लाख कोटीवा भाग मिळतो. मोठी चूक यंत्र पकडतं. लहान चूक ते निमूट जाऊ देतं.

याहून वाईट म्हणजे सरकलेली यादी. पत्त्यांचा एक ॲरे, रकमांचा दुसरा. स्प्रेडशीटमध्ये कोणी एकच कॉलम क्रमाने लावला, तर दोन्हींची लांबी तीच राहते, एकूण बेरीजही तीच राहते, प्रत्येक तपासणी पास होते, आणि प्रत्येकाला दुसऱ्या कोणाचे तरी पैसे जातात. पत्त्यातली लहान-मोठी अक्षरं टाइप करतानाची चूक पकडून देतात. बरोबर लिहिलेला चुकीचा पत्ता ती पकडू शकत नाहीत.

हेही विचारा: पाठवायलाच हवं का? सप्टेंबर २०२० मध्ये युनिस्वॉप या एक्स्चेंजने आपल्या जुन्या वापरकर्त्यांना प्रत्येकी ४०० युनी टोकनं दिली, पण स्वतः पाठवली नाहीत. साखळीवर संपूर्ण यादीचा ३२ बाइटांचा एक ठसा, म्हणजे मर्कल रूट, ठेवला, आणि ज्याने त्याने आपला पुरावा देऊन हिस्सा उचलला. लाखोंच्या वाटपाला ही रीत बरी. दोनशे ओळखीच्या माणसांना मात्र आपण होऊन द्यावं. केलेल्या कामाचा मोबदला मागायला आणि वर गॅस भरायला त्यांना लावू नये.

आता वॉलेटकडे वळा. वाटप करणाऱ्या कॉन्ट्रॅक्टला अमर्याद परवानगी देऊ नका, बेरीज आली तेवढीच द्या. आधी टेस्टनेटवर चालवा, मग खऱ्या साखळीवर दोनच पत्त्यांना पाठवा, आणि त्या दोघांना विचारा, किती आले. त्यांचं उत्तर आल्यावर उरलेल्या १९८ ओळी पत्ता आणि रक्कम जोडीने, शक्य तर दुसऱ्या माणसाला शेजारी बसवून, मोठ्याने वाचा. मगच सही करा.