हौशी सूर आणि वळवाचा पाऊस

मला पेटी वाजवता येते, असे म्हणण्याचे धाडस मी कधी केले नाही. पुण्याला सेमिनरीत असताना वरच्या वर्गातील एका सहाध्यायाने सात सुरांची ओळख करून दिली. त्या तुटपुंज्या भांडवलावर गेली तीस वर्षे माझा व्यवहार चालू आहे. भूप, दुर्गा, यमन आणि भैरवी या चार घरांपलीकडे मला पाहुणचार मिळत नाही. मिस्सेच्या वेळी मी वेदीपाशी असतो, तेव्हा पेटी गायनमंडळातील तरुणांच्या हाती असते, आणि ते श्रद्धावंतांच्या हिताचेच आहे. माझी पाळी येते ती जपमाळेच्या महिन्यात, घरोघरच्या भजनाला, किंवा एखाद्या घरी मयत झाल्यावर लोक रात्री प्रार्थनेला जमतात तेव्हा. एरवी मी वाजवतो ते स्वतःसाठी, संध्याकाळी, बंगल्याच्या ओट्यावर बसून.

अशा माणसाला आपण ‘हौशी’ म्हणतो. त्या शब्दात थोडे कौतुक आणि बरीचशी क्षमा असते. हौसेला मोल नाही, अशी आपल्याकडे म्हण आहे. तिचे दोन अर्थ निघतात. हौसेपुढे माणूस खर्चाचा हिशेब करीत नाही, हा एक. आणि हौसेने केलेल्या गोष्टीचे कुणी पैसे देत नाही, हा दुसरा. इंग्रजीत ज्याला ‘ॲमॅच्युअर’ म्हणतात, त्या शब्दाच्या मुळाशी लॅटिनमधील ‘अमारे’, म्हणजे प्रेम करणे, हे क्रियापद आहे. तेव्हा हौशी वादक तो, जो प्रेमापोटी वाजवतो. परंतु प्रेमापोटी केलेली प्रत्येक गोष्ट निर्दोष असते काय? काही वर्षांपूर्वी एका रात्री या प्रश्नाने मला गाठले, आणि अजून त्याने माझी पाठ सोडलेली नाही.

आपल्या नगर जिल्ह्यात ऋतू डोळ्यांआधी कानांना कळतात. २०२४ साली जिल्ह्याचे नाव अहिल्यानगर झाले. ऋतूंचे आवाज मात्र तेच आहेत. चैत्रात कडुनिंबावर कोकिळा ओरडू लागते. वैशाख सरता सरता पावशा साद घालतो, आणि आपल्या शेतकऱ्याला त्या सादेत ‘पेर्ते व्हा’ असे शब्द ऐकू येतात. आषाढीच्या आधी त्र्यंबकेश्वराहून निघालेली निवृत्तिनाथांची पालखी जिल्ह्यातून पंढरपुराकडे जाते, तेव्हा टाळमृदंगाचा नाद दूरवरून वाऱ्यावर येतो. सप्टेंबरात हरेगावला मतमाउलीच्या यात्रेसाठी पायी निघालेल्या आपल्या माणसांची गाणी रस्त्याने ऐकू येतात. दसरा-दिवाळीनंतर ऊसतोडीच्या बैलगाड्यांचे घुंगुर पहाटेच्या थंडीत वाजू लागतात, आणि नाताळच्या सुमारास काळ्या रानातली शाळू ज्वारी वाऱ्याने सळसळते. माझ्या पेटीलाही ऋतू कळतात. श्रावणात तिच्या पट्ट्या दमटपणाने फुगतात आणि दाबल्या की वर यायला तयार नसतात. मे महिन्यात त्याच पट्ट्या सुकून खुळखुळू लागतात.

ही सगळी आनंदाची सामग्री आहे, आणि मी तो आनंद भरपूर घेतला आहे. आता त्या रात्रीविषयी.

मे महिन्याचा पहिला आठवडा होता. मी तेव्हा जिल्ह्याच्या कोरडवाहू भागातील एका धर्मग्रामात होतो. विहिरींनी तळ गाठला होता आणि पाण्याचा टँकर एक दिवसाआड येत होता. संध्याकाळी ईशान्येला ढग चढले, सोसाट्याचा वारा सुटला, वीज गेली आणि वळवाचा पाऊस कोसळला. तापलेल्या मातीचा वास ओट्यावर आला. दोन महिने करपलेल्या मनाला आणखी काय हवे? मी आत जाऊन पेटी काढली, वारा आत येऊ नये म्हणून दार लोटले आणि अंधारातच वाजवत बसलो. पत्र्यावर पाऊस, भात्याचा श्वास आणि माझा दुर्गा. तासभर तरी मी वाजवत असेन. त्या दिवशी हात कसा कोण जाणे, नेहमीपेक्षा बरा चालत होता. देवाने पाऊस दिला आणि मी त्याचे आभार मानतो आहे, असेच मला वाटत होते.

सकाळी दूध घेऊन येणाऱ्या मुलाने सांगितले, की वस्तीवरच्या एका शेतकऱ्याचा सगळा कांदा भिजला. डिसेंबर-जानेवारीत लावलेला हा उन्हाळी कांदा माना पडल्यावर काढतात, काही दिवस पातीखाली शेतातच सुकवतात, मग पात कापून चाळीत भरतात. नीट सुकलेला कांदा चाळीत चारपाच महिने टिकतो. भिजलेला आतून सडू लागतो. त्या कुटुंबाने दोन दिवसांपूर्वी कांदा काढला होता. ढग आले तसे घरातले सगळे धावले. ताडपत्री एकच होती, म्हणून मोठा मुलगा बंगल्याकडे आला. गेल्या नाताळच्या मांडवाची ताडपत्री आमच्या कोठीत पडून होती, हे त्याला ठाऊक होते. त्याने दार वाजवले, हाका मारल्या. आतून पेटी ऐकू येत होती. थोडा वेळ थांबून तो परत गेला.

मी त्या शेतावर गेलो, तेव्हा नवरा-बायको आणि मुले चिखलातून कांदा वेचून बांधावर पसरत होती. मला कुणी दोष दिला नाही. “फादर, तुम्हाला ऐकू आलं नसंल,” एवढेच तो मुलगा म्हणाला. मीही वेचायला बसलो. परंतु हात चिखलात असताना मनात एकच विचार होता: ज्या पावसाला मी सूर देत होतो, तोच या घराचे वर्ष भिजवत होता. बंगल्यावर परतल्यावर मी पेटीवर कापड टाकले आणि ते बरेच दिवस काढले नाही.

प्रिय वाचकहो, आपल्यापैकी अनेकांच्या मनात हा प्रश्न निराळ्या रूपाने येत असेल. शेजारच्या घरी दुःख असताना आपल्या अंगणातील मोगऱ्याचा वास घ्यावा का? टंचाईच्या वर्षी लग्नात बँड लावावा का? जगात कुठे ना कुठे, किंबहुना आपल्याच गावात, रोज कुणाचा तरी कांदा भिजत असतो. मग आनंद करावा तरी केव्हा?

या प्रश्नाला कठोर उत्तर देणारे थोर लोक झाले आहेत. संत ऑगस्टीन याने सोळाशे वर्षांपूर्वी आपल्या आत्मनिवेदनात कानांच्या सुखाविषयी स्वतःची झडती घेतली आहे. मिलान येथील चर्चमधील गायन ऐकून त्याचे डोळे भरून येत. पण गाण्यातील अर्थापेक्षा गाणेच आपल्याला अधिक हलवते, असे जेव्हा जाणवे, तेव्हा त्याला ते आपले पाप वाटे. आणि तरीही चर्चमधून संगीत काढून टाकावे, या निर्णयाला तो आला नाही. त्याची ती घालमेल मला फार जवळची वाटते. मात्र त्याचा प्रश्न देव आणि सूर यांच्यातला होता. माझा प्रश्न सूर आणि शेजारी यांच्यातला होता.

उलट बाजूने तेराव्या शतकातील संत थॉमस अक्वायनस उभा आहे. शरीराला जशी विश्रांती लागते, तशी मनालाही लागते, आणि खेळ व विनोद ही मनाची विश्रांती आहे, असे तो मांडतो. एवढेच नव्हे, तर जो स्वतः कधी आनंद करीत नाही आणि इतरांच्या आनंदावर विरजण घालतो, तोही विवेकाला सोडून वागतो, असे तो म्हणतो. सेमिनरीत हे शिकताना आम्ही हसलो होतो. त्या चिखलात बसून आल्यावर मी ते पुन्हा वाचले. आनंद सोडल्याने भिजलेला कांदा सुकणार होता काय? माझ्या पेटीच्या मौनाने त्या घरात एक रुपयाही जाणार नव्हता. त्या मौनात मला माझे दुःख दिसत होते, त्यांचे नाही. पश्चात्ताप हीदेखील कधी कधी स्वतःची हौस होऊन बसते.

मग चूक कुठे झाली? पुष्कळ विचार केल्यावर मला असे वाटते, की चूक आनंदात नव्हती, लोटलेल्या दारात होती. मी पाऊस ऐकत होतो तो केवळ माझ्या गाण्याची साथ म्हणून. वाजवताना माझे कान पेटीने भरून गेले आणि शेजाऱ्याच्या हाकेला त्यात जागा उरली नाही.

या ठिकाणी पेटीनेच मला एक धडा दिला. हे वाद्य मूळचे आपले नव्हे. पॅरिसच्या अलेक्झांडर डेबँ याने १८४२ साली हार्मोनियमचे पेटंट घेतले. मिशनऱ्यांबरोबर ती भारतात आली, आणि कलकत्त्याच्या द्वारकानाथ घोष यांनी पायाचा भाता काढून मांडी घालून वाजवता येईल, अशी हातपेटी केली. तिच्यात एक उणीव आहे: दोन पट्ट्यांच्या मधला सूर तिला देता येत नाही, मींड घेता येत नाही. याच कारणाने जाणकारांनी तिला नावे ठेवली आणि १९४० साली आकाशवाणीने तिच्यावर बंदी घातली. ती सैल व्हायला तीस वर्षे लागली. तरीही आपल्या भजनांतून आणि कीर्तनांतून पेटी हलली नाही. कारण तेथे तिचे काम साथ करण्याचे असते. गाणाऱ्याचा गळा जिथे वळतो, तिथे पेटीवाल्याने दबून राहायचे, तो श्वास घेतो तिथे धरून ठेवायचे, तो चुकला तर सूर दाखवायचा. साथ करणाऱ्याला स्वतःच्या वाजवण्यापेक्षा दुसऱ्याकडे अधिक लक्ष द्यावे लागते. त्या रात्री मी वादक होतो, साथीदार नव्हतो.

निसर्गाचा आनंदही असाच दोन प्रकारे घेता येतो. पाऊस हे माझ्या मनोरंजनाचे चित्र आहे, असे समजून घेता येतो. किंवा पावसाखाली जे जे आहे, त्याची साथ करीत घेता येतो. आपल्याच जिल्ह्यात पश्चिमेला घाटघर-रतनवाडीच्या डोंगरांत पावसाची झड थांबत नाही, आणि पूर्वेला माणसे टँकरची वाट पाहतात. १९२६ साली पुरे झालेल्या भंडारदरा धरणाने प्रवरेचे पाणी उत्तरेच्या तालुक्यांना दिले. दक्षिणेचे पुष्कळ रान कोरडेच राहिले. अशा मुलखात पाऊस कुणा एकट्याचा असू शकत नाही. नगरजवळच्या हिवरेबाजारात गावकरी पडलेल्या पावसाचा हिशेब मांडून कोणते पीक घ्यायचे, हे ठरवतात. पहिल्या सरीचा आनंद त्यांना आपल्याहून कमी होत असेल, असे मला वाटत नाही. उलट ज्याला पावसाचा हिशेब ठाऊक आहे, त्याचाच आनंद खरा. पावशाच्या सादेत ‘पेर्ते व्हा’ ऐकणारा शेतकरी तेच करतो. त्याच्या कानात सौंदर्य आणि काम यांची फारकत झालेली नाही.

नगरमध्ये पुष्कळ वर्षे राहिलेले रेव्हरंड नारायण वामन टिळक आपल्या पंथाचे नव्हते; पण त्यांचे अभंग आपल्याही चर्चमध्ये प्रेमाने गायले जातात. महाराष्ट्र त्यांना फुलामुलांचा कवी म्हणतो. लक्ष्मीबाईंची ‘स्मृतिचित्रे’ ज्यांनी वाचली आहेत, त्यांना हेही ठाऊक आहे, की त्या कवीच्या घराचे दार अनाथ मुलांसाठी सदैव उघडे असे. फुलांवर प्रेम करणाऱ्याला मुले दिसली. संत फ्रान्सिस असिसीकर याने सृष्टीचे स्तोत्र १२२५ च्या सुमारास रचले, तेव्हा तो आजारी होता आणि त्याची दृष्टी जवळजवळ गेली होती. सूर्याचा प्रकाश त्याच्या डोळ्यांना सोसत नव्हता, आणि तरीही त्याने सूर्याला बंधू मानून देवाची स्तुती केली. सुखी माणसालाच निसर्गाचा आनंद घेता येतो, हा आपला समज तेथे खोटा ठरतो.

हे मला पुस्तकातून कळायच्या आधी त्याच शेतकऱ्याने कळवले. जून उजाडला होता. एके दिवशी संध्याकाळी तो बंगल्यावर आला. निम्मा कांदा वाचला होता, तो मिळेल त्या भावाने विकून त्याने सोसायटीचे थोडे कर्ज फेडले होते. बाकीच्याचे काय करायचे, ते त्याला अजून उमगले नव्हते. जाताना दारात थांबून तो म्हणाला, “फादर, लई दिवस झाले, पेटी ऐकू येत नाही. आम्ही पाणी भरायला येतो तवा तेवढंच बरं वाटायचं.” मी काय उत्तर द्यावे, ते मला सुचले नाही. ज्याच्यापुढे लाजून मी आनंद बंद केला होता, त्याचाही त्यात वाटा होता, आणि तो बंद करताना मी त्याला विचारले नव्हते.

त्या रविवारी त्यांच्या वस्तीवर भजन झाले. पेटी मी नेली. मृदंग त्यांच्या घरचाच होता. गाताना मोठ्या मुलाचा आवाज चढला, तेव्हा मी पट्ट्यांवरचा हात हलका केला. दार उघडे होते आणि बाहेर शेतात बेडूक ओरडत होते.

आता मी दुसऱ्या धर्मग्रामात आहे. पेटी तीच आहे आणि हातही तितकाच कच्चा आहे. येथेही मे महिन्यात कांदा शेतात पडलेला असतो. कोठीत मी दोन मोठ्या ताडपत्र्या दाराजवळ ठेवल्या आहेत, आणि त्या कुठे आहेत, हे मिस्सेनंतरच्या सूचनांत सांगून टाकले आहे. आभाळ भरून आले, की मी आधी रस्त्यावर जाऊन कुणाची धावपळ चालली आहे का, ते पाहतो. नसेल, किंवा असली तर ती आटोपल्यावर, ओट्यावर येऊन बसतो आणि पेटी उघडतो. दार लोटत नाही. पावसाचे तुषार पट्ट्यांवर येतात, श्रावणात त्या आणखी फुगतील. त्याला माझा इलाज नाही.